फुलाचं टिकणं

घरातल्या झाडाला फूल आलं की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती दिवस टिकेल? आफ्रिकन व्हायोलेट लावणाऱ्या माणसाला हा प्रश्न फार आवडतो, कारण उत्तर अभिमानाने सांगता येतं. एकेक फूल दोन-तीन आठवडे सहज राहतं, एक झुबका ओसरेपर्यंत पानांखालून दुसरा वर येतो, आणि जागा मानवली तर वर्षातले बरेचसे महिने झाड फुलांवाचून दिसत नाही. फालेनॉप्सिस ऑर्किड तर त्याच्याही पुढे. तेच फूल त्याच डौलात दोन-तीन महिने. या टिकण्यामागचं कारण समजलं, तेव्हापासून मी माझ्या खिडकीतल्या फुलांकडे निराळ्या नजरेने बघू लागले.

फूल टिकून राहतं, कारण त्याचं काम झालेलं नसतं.

पाकळ्या ताज्या ठेवणं झाडाला फुकट पडत नाही. त्यांना पाणी लागतं, साखर लागते, आणि हा खर्च झाड करतं तो परागीभवन व्हावं म्हणून. ते एकदा झालं की पाकळ्यांचं प्रयोजन संपतं. ऑर्किडच्या फुलात पराग पोहोचला की आतल्या आत इथिलीन वायू तयार होऊ लागतो आणि एरवी आठवडेच्या आठवडे ताठ राहिलं असतं ते फूल काही दिवसांत मान टाकतं. व्हायोलेटमध्ये पाकळ्यांचं सगळं चक्रच थोड्या दिवसांत अख्खं सुटून पडतं आणि देठाच्या टोकाशी उरतो एक लहानसा हिरवा गोळा. तो अंडाशय. बंद काचेआड मात्र कुणी कीटक येत नाही, कुणी पराग आणत नाही, आणि फूल थांबून राहतं. आपण ज्याला लांबलेला बहर म्हणून मिरवतो, तो त्या फुलाचा वाट बघण्याचा काळ असतो.

यात झाडाचं काही बिघडत नाही, हेही खरंच. बी धरलं नाही म्हणून व्हायोलेट मरत नाही. उलट जास्त फुलतं. तरीही एकदा हे डोक्यात शिरलं की गप्प बसवत नाही. आपण या झाडाला ऊब दिली, उजेड दिला, पाणी दिलं, खत दिलं. त्याच्या मूळ जागी असलेली आणि इथे नसलेली एक गोष्ट उरते, ती म्हणजे माशी. घरातली नव्हे, मधमाशीच्या जातकुळीतली.

मूळ जागा म्हणजे पूर्व आफ्रिकेतले डोंगर. टांझानियातल्या उसांबारा पर्वतराजीत आणि तिच्या आसपासच्या जंगलांत, केनियाच्या काही भागांत, सावलीतल्या शेवाळलेल्या खडकांवर ही झाडं वाढतात. 1892 च्या सुमारास तिथल्या जर्मन वसाहतीतले अधिकारी वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेर यांनी हे झाड आपल्या वडिलांकडे जर्मनीला धाडलं आणि 1893 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हेरमान वेंडलांट यांनी त्याचं वर्णन करून 'सेंटपॉलिया' हे नाव दिलं. आता शास्त्रज्ञांनी त्याला 'स्ट्रेप्टोकार्पस' या मोठ्या प्रजातीत हलवलं आहे, पण लावणारे अजूनही व्हायोलेटच म्हणतात. पुढच्या काळात एवढंसं ते झाड जगभरच्या खिडक्यांत पोहोचलं आणि त्याच्या हजारो जाती झाल्या. गंमत अशी की मूळ रानातली त्याची भावंडं जंगलतोडीमुळे आज धोक्यात आहेत. झाड निघालं, ज्या माश्या त्या फुलांवर यायच्या, त्या मागेच राहिल्या.

असं दुसऱ्या झाडांच्या बाबतीतही घडलं आहे. व्हॅनिलाची वेल मेक्सिकोकडची. ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेली गेली, चांगली वाढली, फुललीही, पण तिला शेंगा धरेनात. 1841 मध्ये तिथल्या एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या पराग धरणाऱ्या टोकावर, दाबायची युक्ती काढली. पुढे गुलामगिरी संपल्यावर त्याला अल्बियस हे आडनाव मिळालं. आजही व्हॅनिलाचं उत्पादन बहुतांशी त्याच हाताच्या हालचालीवर चालतं, आणि तो मात्र 1880 मध्ये गरिबीतच वारला. माझ्या खिडकीतल्या उद्योगाला अशी काही उंची नाही. पण फुलापुढे वाकून बसले की त्या मुलाची आठवण येते, कारण प्रश्न तोच आहे: झाड आपण आणलं, तर कीटकाचं काम कुणी करायचं?

व्हायोलेटचं फूल एकदा भिंगाखाली धरून बघावं. मधोमध दोन पिवळेधमक फुगीर परागकोश एकमेकांना चिकटून बसलेले असतात. लांबून वाटतं, हाच तो पराग, बोट लावलं की निघेल. बोट लावा, काहीच लागत नाही. पराग आत कोंडलेला असतो, आणि बाहेर यायला टोकाशी जेमतेम बारीक फट. ज्या माश्यांसाठी ही रचना आहे, त्या परागकोशाला घट्ट मिठी मारतात, पंख न हलवता छातीचे स्नायू सेकंदाला शेकडो वेळा थरथरवतात, आणि त्या थरथरीने पराग आतून उसळून माशीच्या पोटावर उडतो. उडताना येतो त्यापेक्षा वरच्या पट्टीतला आवाज तेव्हा येतो. अशा फुलांत बहुधा मध नसतोच. पराग हाच मोबदला. टोमॅटो आणि वांग्याची फुलंही याच पठडीतली. साध्या मधमाशीला ही कला येत नाही, बंबलबी या तिच्या गुबगुबीत, केसाळ नातलगाला येते. म्हणून तर हरितगृहांतल्या टोमॅटोसाठी 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून बंबलबीच्या वसाहती आणून ठेवू लागले. त्याआधी माणसं थरथरणारी विजेची कांडी घेऊन फुलाफुलांपाशी फिरत.

दुसरी एक गोष्ट त्याच भिंगाखाली दिसते. कुक्षीचा लांबट देठ फुलाच्या मधून सरळ येत नाही, तो एका बाजूला झुकलेला असतो. काही फुलांत डावीकडे, काही फुलांत उजवीकडे, आणि तेही एकाच झाडावर. एका फुलात माशीच्या ज्या कुशीला पराग लागतो, त्याच कुशीला दुसऱ्या, उलट्या वळणाच्या फुलाची कुक्षी टेकते. खिडकीत शेजारी शेजारी उमललेली अशी दोन फुलं दिसली की मी अजूनही थांबते. कुणी येणार नाही, तरी सगळी मांडणी आल्यागेल्यासाठी तयार असते.

आता हाताने हे कसं करायचं ते सांगते. रंगाचा ब्रश इथे उपयोगाचा नाही. ब्रश उघड्या परागाच्या फुलांसाठी ठीक; इथे परागकोश फोडावाच लागतो. मी ताजं, पूर्ण उमललेलं फूल निवडते आणि त्यातला एक परागकोश बारीक कात्रीने काढून घेते. तो डाव्या अंगठ्याच्या नखावर ठेवायचा, सुईच्या टोकाने कडेला चीर द्यायची आणि हलकेच टिचकी मारायची. नखावर फिक्या पिवळ्या पिठाची एक रेघ पडते. श्वास सोडला तरी उडेल इतकी ती हलकी असते, म्हणून हे काम पंखा बंद करूनच करायचं. मग ज्या झाडाला आई करायचं आहे, त्याचं फूल दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत धरून कुक्षीचं टोक त्या पिठात टेकवायचं. आई होणारं फूल मात्र अगदी ताजं नको. उमलून काही दिवस झालेलं बरं. तोवर कुक्षीच्या टोकाला चकाकी आलेली असते, ते ओलसर, चिकट झालेलं असतं आणि पराग पटकन धरतं. टोकावर पिवळी टोपी चढलेली साध्या डोळ्यांनी दिसते. एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा टेकवलं तर खात्री वाढते.

देठाला दोरा बांधून त्यावर लेबल लावायचं: आई कोण, बाप कोण, तारीख काय. हे टाळू नये. चार महिन्यांनी कोणाला काही आठवत नसतं.

आणि मग ते होतं, जे आपणच घडवून आणलेलं असतं. अजून दोन आठवडे राहिलं असतं ते फूल थोड्याच दिवसांत गळून कुंडीत पडतं. शेजारची, हात न लावलेली फुलं तशीच टवटवीत. दर वेळी मनात थोडं हलतं. फूल हवं की बी, हे इथे खरोखर निवडावं लागतं. दोन्ही एकाच देठावर मिळत नाही. मी बी निवडते. पण सगळ्या झाडांसाठी नाही. एका वेळी एकच सशक्त झाड, त्यावर फार तर दोन-तीन बोंडं, आणि बाकीची खिडकी फुलांसाठी. बोंड धरलेल्या झाडाला पोसायचं ओझं असतं, ते अशक्त रोपावर टाकणं मला पटत नाही. नुकतीच कुंडी बदललेलं, मूळ कुजून सावरत असलेलं, किंवा अजून लहान झाड असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

बोंड पिकायला पाच-सहा महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त. एवढा काळ झाड एकसारख्या तब्येतीत ठेवणं, हीच खरी मेहनत. टोकाला पराग लावणं हे मिनिटाचं काम आहे.

त्यात पहिला मान उजेडाचा. रोज दहा-बारा तास भरपूर पण न पोळणारा उजेड, आणि रात्री अंधार. झाड स्वतः सांगतं. पानांचे देठ लांबत वर उचलले गेले की उजेड कमी पडतोय. मधली पानं आखडून, फिकी होऊन एकमेकांत दाटली की जास्त होतोय. मी झाडाला दर थोड्या दिवसांनी पाव फेरा देते, नाहीतर सगळा पसारा काचेकडे कलतो. ऊब माणसाला सुखाची वाटते तीच त्याला मानवते, अठरा ते पंचवीस-सव्वीस अंश.

पाण्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण घरातली व्हायोलेट बहुतेक पाण्यानेच जातात, आणि तेही जास्त पाण्याने. पानांच्या चक्राच्या मध्यभागी पाणी साचलं की गाभा कुजतो. माती सतत ओली राहिली की मुळं कुजतात, आणि मुळं कुजलेलं झाड मरगळलेलं दिसतं म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. त्यापेक्षा खालून पाणी द्यावं: कुंडी पाण्याच्या ताटलीत अर्धा तास ठेवायची, वरची माती ओलसर झाली की उचलून उरलेलं पाणी ओतून द्यायचं. पुन्हा पाणी कधी, तर वरची माती बोटाला कोरडी लागली की. खालून पाणी देत राहिल्याने क्षार वर जमतात आणि कुंडीच्या कडेला पांढरट पापुद्रा धरतो, म्हणून अधूनमधून वरून भरपूर पाणी घालून माती धुऊन काढायची.

ते पाणी खोलीच्या तापमानाचं असावं. लोक म्हणतात, व्हायोलेटच्या पानावर पाणी पडलं की डाग पडतात. पाण्याने नाही पडत, गारठ्याने पडतात. पानाच्या तुलनेत बरंच थंड पाणी पडलं तर पानाच्या वरच्या थरातल्या हिरव्या पेशी तिथल्या तिथे मरतात आणि थेंबाच्या कडेने फिकट, पिवळट वलय उमटतं. ते कायमचं. पान गळेपर्यंत ती नक्षी तशीच राहते. कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने मी पानांची धूळ खुशाल धुते. फक्त सुकेपर्यंत झाड उन्हापासून दूर ठेवते आणि गाभ्यातलं पाणी कागदाने टिपून घेते.

कुंडीचं सांगते आणि पुढे जाते: पानांच्या पसाऱ्याच्या एक तृतीयांश रुंदीची पुरे. मोठी घेतली की माती ओली राहते आणि फूल यायला उशीर होतो. माती हलकी, पोकळ. खत पातळ आणि नियमित.

कीड म्हणाल तर एकच गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे, कारण ती परागाशी थेट जोडलेली आहे. जांभळ्या पाकळ्यांवर पिवळी भुकटी सांडलेली दिसली, तर फूल 'पिकलं' असं समजू नका. हे परागकोश आपोआप पराग सांडत नाहीत. कुणीतरी ते फोडलेले आहेत, आणि ते कुणीतरी म्हणजे फुलकिडे. सूक्ष्म, लांबट, पाकळ्यांच्या बुडाशी पळणारे. ते पराग खायला येतात, आणि त्या धावपळीत क्वचित कुक्षीवरही पराग पडतो. न लावलेलं बोंड अचानक धरलेलं दिसलं की अनुभवी लोक आनंदी होण्याऐवजी भिंग काढतात. उपाय निर्दय आहे: सगळ्या झाडांची सगळी फुलं आणि कळ्या खुडायच्या, आणि कित्येक आठवडे नव्या येतील तशा खुडत राहायच्या. पराग मिळेनासा झाला की त्यांचं बस्तान मोडतं. लागण झालेलं झाड इतरांपासून लांब ठेवायचं, नव्या झाडालाही आधी महिनाभर वेगळं.

बोंड आधी हिरवं, टणक फुगतं. मग महिनोन्‌महिने काहीच होत नाही. नंतर देठ सुकू लागतो, बोंड तपकिरी होऊन आक्रसतं. तेव्हा ते देठासकट काढून कागदी पाकिटात दोन-तीन आठवडे वाळवते. मग पांढऱ्या कागदावर उघडते. आतून जे निघतं त्याला बी म्हणायला मन धजत नाही. चिमटीतली तपकीर सांडावी तसं काहीतरी कागदाच्या घडीत पडतं. पण त्यात शेकडो बिया असतात. त्या मातीवर नुसत्या भुरभुरवायच्या, झाकायच्या नाहीत, कारण रुजायला उजेड लागतो. माती आधीच ओली केलेली हवी. वर पारदर्शक झाकण, आणि भरपूर उजेड पण थेट ऊन नाही. दोन-तीन आठवड्यांत मातीवर हिरवी झाक येते. नुसत्या डोळ्यांना ते शेवाळ वाटतं. भिंग लावलं की प्रत्येक ठिपक्याला दोन पानं दिसतात, आधी सारखी, मग त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा मोठं होत जातं. या झाडाच्या जवळच्या नात्यातल्या बऱ्याच झाडांची ही खोड आहे.

कुणी विचारतं, इतका खटाटोप कशाला? एक पान तोडून मातीत खोचलं की बुडातून पिल्लं येतात. अगदी खरं. बहुतेक सगळी व्हायोलेट अशीच वाढवतात. पानापासून आलेलं रोप मूळ झाडाचीच पुढची आवृत्ती असतं, तोच रंग, तीच झालर. आवडतं झाड हातचं जाऊ नये म्हणून पान लावावंच, मीही लावते. पण या पिढ्यांत नवं कुणी जन्मत नाही. एखाद्या नामांकित जातीची जगभरातली झाडं बघितली, तर एकच झाड पुन्हा पुन्हा वाटलं गेलेलं असतं. कधीमधी एखादं पान अवचित बदलतं, तेवढंच. नवं झाड, जे आधी कधी नव्हतं आणि कुणाच्या यादीत नाही, ते परागातूनच येतं. मला या बाबतीत स्पष्ट वाटतं: घरात फुलझाड ठेवणाऱ्या प्रत्येकाने निदान एकदा तरी हे करून बघावं. फूल म्हणजे काय हे फुलाकडे नुसतं बघून कळत नाही; त्याच्या जागी माशीचं काम केल्यावर कळतं.

नव्या रोपांना पहिलं फूल यायला बी पेरल्यापासून आठ-दहा महिने ते वर्ष लागतं. माझी पहिली तुकडी गुलाबी आई आणि गडद जांभळा बाप यांची होती. कळ्या आल्या तेव्हा मी रोज सकाळी आधी तिकडे जायचे. एकामागून एक फुलं उघडली आणि सगळी जांभळीच निघाली. व्हायोलेटमध्ये जांभळा रंग गुलाबीवर आणि पांढऱ्यावर वरचढ असतो. पहिल्या पिढीत बहुधा तोच दिसतो. पण पानं वेगवेगळी होती. काहींची आईसारखी खालून लालसर, काहींची निव्वळ हिरवी, एकाची कड नागमोडी, जी दोघांपैकी कुणाचीच नव्हती. पाहुणे आले की मी त्यांना आता फुलं नव्हे, पानं दाखवते.

सगळी ठेवायला जागा नाही. जी खुरटली, ज्यांचे देठ लुळे, ती मी ठेवत नाही. दोन-तीन पिल्लं ओळखीच्यांनी नेली. माझ्याकडे ठेवली ती नागमोडी कडेची आणि तिच्या शेजारची, पसारा आटोपशीर असलेली. दोन्ही जांभळी. पण आईचा गुलाबी दोघींत झाकून आहे. पहिल्या पिढीतल्या दोघींचा आपसात संकर केला, तर पुढच्या पिढीत साधारण चारातलं एखादं रोप गुलाबी निघावं. तसं झालं, तर नागमोडी कडेचं गुलाबी झाड मिळण्याची शक्यता आहे. नागमोडीच्या तिसऱ्या झुबक्यातलं खालचं फूल आता पुरेसं जुनं झालंय, कुक्षीला चकाकी आलीय, आणि शेजारणीचं सर्वांत वरचं फूल कालच पूर्ण उमललं. लेबल लिहून ठेवलंय. उद्या पंखा बंद करून, सुई आणि भिंग घेऊन बसायचं.